वॉर्डातील सहकारी परिचारिकेच्या मनाची काळजी आणि आत्महत्येचा प्रतिबंध: नव्या इन्चार्ज सिस्टरसाठी मार्गदर्शन

परिसेविकेच्या, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख परिचारिकेच्या, पदावर पहिल्यांदाच बढती मिळालेल्या किंवा खासगी रुग्णालयात नव्याने वॉर्डाची इन्चार्ज म्हणून जबाबदारी घेतलेल्या सिस्टर आणि ब्रदर यांच्यासाठी हा लेख आहे. चार्ज घेताना तुमच्या ताब्यात औषधांचा साठा, उपकरणे, लिननचा हिशेब आणि ड्युटी लिस्ट दिली जाते, आणि प्रत्येक गोष्टीची सही घेतली जाते. मात्र ज्या माणसांच्या बळावर तो वॉर्ड चालतो त्यांच्यापैकी कोणी आतून खचले असेल तर ते कसे ओळखावे आणि ओळखल्यावर नेमके काय करावे, याबद्दल चार्ज देणारी व्यक्ती सहसा काहीच सांगत नाही. ही माहिती कोणत्याही परिसेविकेला पहिल्याच महिन्यात मिळायला हवी.

प्रश्न काल्पनिक नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने इंग्लंडमधील २०११ ते २०१५ या काळातील मृत्यूंचा अभ्यास केला तेव्हा स्त्री परिचारिकांमधील आत्महत्येचा धोका तेथील एकूण स्त्रियांच्या सरासरीपेक्षा २३ टक्क्यांनी अधिक असल्याचे आढळले. अमेरिकेत २०१७-१८ मध्ये स्त्री परिचारिकांमधील प्रमाण दर लाखामागे सुमारे १७ होते, तर सर्वसाधारण स्त्रियांमध्ये ते सुमारे साडेआठ होते. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात परिचारिकांची वेगळी गणना होत नाही. पण २०२२ मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या १,७०,९२४ आत्महत्यांपैकी २२,७४६ एकट्या महाराष्ट्रातील होत्या, आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. आपल्या वॉर्डातील मुली आणि मुले याच राज्यात, याच घरांत राहतात. त्यात रात्रपाळी, मृत्यूचा रोजचा शेजार, नातेवाइकांचा रोष आणि औषधांची सहज उपलब्धता यांची भर पडते.

माझे मत असे आहे की बहुतेक परिचारिका मदत घेत नाहीत, कारण मदत मागितल्याची बातमी दुसऱ्या दिवशी ड्युटी रूममध्ये पोहोचेल अशी त्यांना भीती वाटते. मानसोपचार विभाग त्याच इमारतीत असतो, तिथली सिस्टर आपलीच बॅचमेट असते, केस पेपर काढणारा कारकून ओळखीचा असतो. म्हणून पुढील साऱ्या पायऱ्यांमध्ये गोपनीयता हीच मुख्य गोष्ट आहे. ती एकदा मोडली की तुमच्या वॉर्डात कोणीही तुमच्यापाशी येऊन बोलणार नाही.

पहिली पायरी: कोणी अडचणीत येण्यापूर्वीच मदतीचा कागद तयार करा

चार्ज घेतल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात एका कागदावर मदतीची ठिकाणे लिहून काढा. संकटाच्या रात्री फोन नंबर शोधत बसण्याइतका वेळ आणि शांतपणा कोणाकडेच नसतो.

त्या कागदावर सर्वांत वर १४४१६ हा क्रमांक असावा. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू केलेली ही टेली-मानस सेवा निःशुल्क आहे, चोवीस तास चालते आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांतून उपलब्ध आहे. केरळ किंवा ईशान्य भारतातून येऊन मुंबई-पुण्यात काम करणाऱ्या परिचारिकांना मराठीत किंवा इंग्रजीत मन मोकळे करणे जड जाते. त्यांना आपल्या भाषेत बोलता येईल हे आवर्जून सांगा. त्याखाली तातडीच्या प्रसंगासाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ लिहा. घरातील मारहाण किंवा छळ हे कारण असेल तर महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक हवा. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयापासून सुरू झालेली दिलासा केंद्रे कौटुंबिक हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांना रुग्णालयातच आधार देतात. आपण तिथे रुग्णांना पाठवतो, पण तिथे जाण्याचा हक्क परिचारिकेलाही तेवढाच आहे.

यानंतरचे काम थोडे कष्टाचे आहे आणि ते फोनवर होत नाही. आपल्या रुग्णालयाबाहेरील किमान एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक समुपदेशक शोधा, त्यांना प्रत्यक्ष भेटा आणि आमच्याकडील कोणी तातडीने आले तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वेळ मिळेल का, शुल्क किती असेल आणि रात्रपाळी संपवून सकाळी येता येईल का, हे विचारून घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणी असाल तर शेजारच्या जिल्ह्यातील शासकीय मानसोपचार विभागही चालेल. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, हेही लक्षात असू द्या. अंतर थोडे अधिक पडले तरी ओळखीचे चेहरे समोर नसणे याला या कामात मोल आहे. अमेरिकेत सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने २००९ मध्ये डॉक्टरांसाठी सुरू केलेला आणि २०१६ पासून परिचारिकांनाही खुला केलेला उपक्रम याच तत्त्वावर उभा आहे: प्रश्नावली नाव न देता भरता येते, समुपदेशकाचा प्रतिसादही नाव उघड न होता मिळतो, आणि प्रत्यक्ष भेटायचे की नाही हे परिचारिकाच ठरवते.

हा कागद ड्युटी रूममध्ये लावाच, पण त्याची एक प्रत कर्मचाऱ्यांच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून लावा. तिथे कोणी पाहत नसताना नंबर टिपून घेता येतो.

दुसरी पायरी: बदल ओळखायला शिका

परिचारिका कामात कमी पडू लागेपर्यंत वाट पाहिली तर फार उशीर होतो. आपल्या व्यवसायातील माणसे आतून मोडली तरी आयव्ही लाइन नीट लावतात, चार्ट पूर्ण करतात आणि राउंडला डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरे देतात. त्यामुळे कामाच्या दर्जावरून मनाचा अंदाज बांधू नका आणि त्या व्यक्तीच्या नेहमीच्या वागण्यात काय फरक पडला आहे तेच पाहा. सर्वांबरोबर डबा उघडणारी सिस्टर एकटीच स्टोअरमध्ये बसून जेवू लागते किंवा जेवतच नाही. गप्पिष्ट ब्रदर ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवून, एक शब्द न बोलता निघून जातो. कोणी सतत रात्रपाळीच मागून घेते, कारण दिवसा लोकांमध्ये वावरणे नको वाटते. कोणी रात्रपाळीच्या नावाने घाबरते. किरकोळ कारणावरून वॉर्डातील मदतनीस मामांवर किंवा मावशींवर ओरडणे, वरचेवर एकेका दिवसाची आजारी रजा, झोप न लागल्याने कोरडे पडलेले डोळे, हातून पूर्वी कधी न झालेल्या लहान चुका, दारूचे किंवा झोपेच्या गोळ्यांचे वाढते प्रमाण, या साऱ्यांची मनाशी नोंद ठेवा.

काही बोलणी मात्र ऐकल्याबरोबर गंभीरपणे घ्यावीत. "मी नसले तरी वॉर्ड काही बंद पडणार नाही", "आता सगळ्यांची सुटका करते", "माझ्या मुलीकडे लक्ष ठेवाल ना?" अशी वाक्ये हसत म्हटली गेली तरी ती विनोद समजून सोडून देऊ नका. आवडीच्या वस्तू वाटून टाकणे, उधारीचे पैसे अचानक फेडणे, पीएफ आणि विम्याची कागदपत्रे घाईने लावून ठेवणे, किंवा बरेच दिवस अस्वस्थ असलेली व्यक्ती कोणत्याही उघड कारणाशिवाय एकदम शांत होणे, यांकडेही त्याच नजरेने पाहा.

शिवाय काही काळ कोणासाठीही नाजूक असतात, आणि त्या काळात लक्षण दिसण्याची वाट न पाहता चौकशी करावी. चौकशी सुरू असलेली किंवा निलंबित परिचारिका, दूरची बदली झालेली, लग्न मोडलेली, वंध्यत्वाचे उपचार घेणारी, कर्जात अडकलेली, बाळंतपणाच्या रजेवरून परतलेली, कंत्राट संपत आलेली, आणि गाव सोडून वसतिगृहात एकटी राहणारी नवी मुलगी, ही सारी नावे तुमच्या लक्षात असायला हवीत. ज्यांनी पूर्वी कधी आत्महत्येचा प्रयत्न केला आहे त्यांचा धोका सर्वांत अधिक असतो.

तिसरी पायरी: थेट विचारा

नव्या इन्चार्जला सर्वांत अवघड वाटते ती हीच पायरी. आत्महत्येबद्दल विचारले तर तो विचार नव्याने डोक्यात शिरेल, ही समजूत आपल्या व्यवसायातही खोलवर रुजलेली आहे. ती चुकीची आहे. विचारल्यामुळे धोका वाढत नाही, असे या विषयावरील संशोधन सांगते. उलट कोणीतरी हा शब्द न घाबरता उच्चारला याने बहुतेकांना हायसे वाटते.

जागा आणि वेळ आधी ठरवा. ओव्हरच्या गडबडीत, ट्रॉलीपाशी किंवा तुमच्या टेबलासमोर तिला उभे ठेवून हे बोलणे करू नका. ड्युटी संपल्यावर, कोणी मध्येच येणार नाही अशा खोलीत बसा, मोबाइल बंद ठेवा आणि अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा. सुरुवात तुम्हाला दिसलेल्या गोष्टींपासून करा. उदाहरणार्थ: "गेले काही दिवस तू जेवायला आमच्यात येत नाहीस, आणि काल ओव्हर देताना तुझे डोळे भरून आले होते. मला तुझी काळजी वाटतेय. काय चाललंय ते मला सांगशील?" वयाने मोठ्या सहकाऱ्याशी बोलत असाल तर पदाचा आब बाजूला ठेवून "ताई, तुम्ही हल्ली फार दमलेल्या दिसता, झोप लागते का?" असे विचारता येते. मग ऐका. मधे उपाय सुचवू नका, स्वतःची हकीकत सांगू नका, शांतता पडली तर ती भरून काढण्याची घाई करू नका.

त्यानंतर स्पष्ट शब्दांत विचारा: "इतका त्रास होत असला की जगूच नये असं माणसाला वाटू शकतं. तुला तसं वाटतं का? जीव संपवावा असा विचार मनात येतो का?" "तू काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?" असा प्रश्न मात्र विचारू नका, कारण त्यात अपेक्षित उत्तर आधीच दडलेले असते आणि समोरची व्यक्ती "नाही" म्हणून मोकळी होते.

उत्तर "हो" आले तर घाबरू नका. तिने तुमच्यावर विश्वास टाकला आहे. पुढे शांतपणे विचारा की हे विचार कधीपासून येतात, किती वेळा येतात, काय करायचे हे ठरवले आहे का, त्यासाठी लागणारे काही जवळ ठेवले आहे का, यापूर्वी कधी प्रयत्न केला होता का, आणि आजची रात्र एकटीने काढणे सुरक्षित वाटते का. ठरवलेली योजना, हाताशी असलेले साधन आणि जवळची वेळ या तीन गोष्टी एकत्र आल्या तर प्रसंग तातडीचा आहे असे समजा.

"तू नर्स असून असं बोलतेस?", "मुलांचा तरी विचार कर", "यापेक्षा वाईट दिवस आम्ही काढलेत", "देवाचं नाव घे, सगळं ठीक होईल", ही वाक्ये चांगल्या हेतूने बोलली जातात, पण ऐकणारीला त्यांतून एवढेच कळते की येथे बोलण्यात अर्थ नाही. "मी कोणालाही सांगणार नाही" असे वचनही देऊ नका. त्याऐवजी असे सांगा: "तू जे सांगशील ते वॉर्डात कोणालाही कळणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर तुला वाचवण्यापुरतं एक-दोघांना मी सांगेन, आणि ते तुला सांगूनच सांगेन."

चौथी पायरी: उत्तर मिळाल्यावर त्याच दिवशी काय करावे

प्रसंग तातडीचा असेल तर तिला क्षणभरही एकटे सोडू नका, स्वच्छतागृहातही सोबत जा. तिच्या विश्वासातील एका सहकाऱ्याला बोलवा. तिची ड्युटी तिथल्या तिथे दुसऱ्याकडे द्या. त्यासाठी मेमो, कारणे दाखवा किंवा रजेचा अर्ज असली कोणतीही कागदपत्रे त्या वेळी पुढे करू नका. औषधांच्या कपाटाच्या आणि स्टोअरच्या किल्ल्या तिच्याकडे असतील तर त्या गाजावाजा न करता परत घ्या. तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा अपघात विभागात स्वतः घेऊन जा, "तू जाऊन ये" असे म्हणू नका. घरच्यांना तिच्या संमतीने कळवा, आणि कोणाला कळवायचे हे तिलाच विचारा; छळ सासरीच होत असेल तर पतीला फोन करणे हे संकट वाढवणारे ठरू शकते.

कायद्याची भीती हा येथे मोठा अडसर असतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ हा मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा करता येत नाही. तिला उपचार आणि पुनर्वसन मिळवून देण्याचे कर्तव्य त्याच कलमाने शासनावर टाकले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दलचे जुने सर्वसाधारण कलम ठेवलेलेच नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरती वेगळी तरतूद तेवढी आहे. याच २०१७ च्या अधिनियमाच्या कलम २३ ने मानसिक आरोग्याविषयीची माहिती गोपनीय राखण्याचा हक्क दिला आहे, आणि कलम २१ ने वैद्यकीय विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने स्थान देण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घातले आहे. "नोकरी जाईल, केस होईल" या भीतीने गप्प बसलेल्या परिचारिकेला ही माहिती शांतपणे सांगितली तर तिचे मन उपचाराकडे वळू शकते.

प्रसंग तातडीचा नसेल तर दोघींनी मिळून एका कागदावर सुरक्षिततेची योजना लिहावी. जगभर वापरल्या जाणाऱ्या या पद्धतीत सहा गोष्टी क्रमाने येतात: संकट जवळ येत असल्याची माझी स्वतःची लक्षणे कोणती; तेव्हा मी एकटी काय करू शकते, जसे बाहेर फेरी मारणे किंवा आंघोळ करणे; मन दुसरीकडे वळेल अशी माणसे आणि ठिकाणे कोणती; मदत मागता येईल अशी दोन-तीन माणसे कोण; कोणत्या तज्ज्ञाला किंवा हेल्पलाइनला फोन करायचा; आणि राहत्या जागेतील धोक्याच्या वस्तू कोण आणि कुठे हलवणार. ही योजना तिच्याच शब्दांत, तिच्याच अक्षरात हवी आणि तिच्याच पर्समध्ये राहायला हवी. यांतील शेवटची बाब परिचारिकांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची आहे. आत्महत्येची तीव्र ऊर्मी अनेकदा काही मिनिटे किंवा काही तास टिकते, आणि त्या वेळात साधन हाताशी नसेल तर जीव वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये देशांना दिलेल्या आत्महत्या प्रतिबंधाच्या मार्गदर्शनात साधनांपर्यंतची वाट अवघड करणे या उपायाला पहिल्या रांगेत स्थान दिले आहे. म्हणून तिला काही आठवडे औषधसाठ्याशी संबंध न येणारे काम द्या, आणि संपूर्ण वॉर्डासाठीच दोघांच्या सहीने साठा मोजण्याची शिस्त ठेवा, म्हणजे कोणा एकीकडे बोट दाखवले जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी फोन करा, आठवड्याने पुन्हा भेटा. रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वाधिक जोखमीचे असतात. घरी आली म्हणजे बरी झाली असे समजून याच काळात सगळे निर्धास्त होतात.

चूक, चौकशी आणि हल्ला यांनंतरचे तास

या विषयावर मला इतर पायऱ्यांपेक्षा अधिक लिहावेसे वाटते, कारण इन्चार्जच्या एका वाक्याने येथे खूप काही घडते किंवा बिघडते. अमेरिकेतील सिएटल येथे २०१० मध्ये दोन दशकांहून अधिक अनुभव असलेल्या एका परिचारिकेकडून एका आजारी बालिकेला औषधाची दसपट मात्रा दिली गेली. तिने ती चूक स्वतः लगेच सांगितली. तिला नोकरीवरून काढण्यात आले, परवान्याची चौकशी झाली, आणि २०११ मध्ये तिचा आत्महत्येने मृत्यू झाला. कोणत्याही आत्महत्येला एकच कारण नसते, आणि बालिकेच्या कुटुंबाचे दुःख तर त्याहून मोठे होते. तरीही त्यानंतर जगभर हा प्रश्न विचारला जाऊ लागला की चुकीनंतर त्या कर्मचाऱ्याजवळ कोण बसते. आपल्याकडे ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला लागलेल्या आगीत दहा बालके दगावली, आणि पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. न्यायालय आणि चौकशी समिती आपले काम करतील; पण अशा कोणत्याही घटनेनंतर त्या रात्री ड्युटीवर असलेल्या सर्वांच्या मनावर काय ओझे असते, हे पाहण्याचे काम कोणत्याही समितीकडे सोपवलेले नसते. ते तुमच्याकडे आहे.

औषधाची चूक, अनपेक्षित मृत्यू किंवा नातेवाइकांचा हल्ला झाला की आधी रुग्णाची सोय लावा आणि लगेच त्या परिचारिकेला वॉर्डाबाहेर, शांत जागी नेऊन बसवा. सोबत एक सहकारी द्या. सर्वांसमोर "हे तू केलंसच कसं?" असे विचारू नका. नोंदी वेळेवर आणि खऱ्याच व्हायला हव्यात, त्यात तडजोड नाही. परंतु थरथरत्या हाताने सविस्तर जबाब लिहून घेण्याची घाई नको. रुग्णाच्या कागदपत्रातील नोंद लगेच करा, तिचे स्वतःचे निवेदन ती सावरल्यावर आणि हवे असल्यास संघटनेच्या प्रतिनिधीच्या उपस्थितीत घ्या. त्या दिवशी तिला घरी एकटे पाठवू नका, रात्री एक फोन करा आणि पुढील ड्युटी कुठे व्हावी हे तिला विचारा, कारण काहींना त्याच वॉर्डात परत यायचे असते आणि काहींना तिथे पाऊल टाकवत नाही.

मेमो किंवा निलंबनाचा आदेश द्यावा लागला तर तो समोर बसवून, पुढील प्रक्रिया समजावून द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर, शिपायाच्या हाती किंवा सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी असा कागद पाठवण्याची पद्धत क्रूर आहे आणि ती थांबवणे इन्चार्ज आणि मेट्रन यांच्या हातात असते. त्या कागदासोबत १४४१६ हा क्रमांक आणि एका संपर्क व्यक्तीचे नाव द्या. चौकशी महिनोन्‌महिने चालते. त्या काळात दर आठवड्याला कोणीतरी तिला फोन करील अशी वाटणी करून ठेवा.

हल्ल्याच्या बाबतीत महाराष्ट्रात २०१० चा वैद्यकीय सेवा व्यक्ती आणि संस्था संरक्षण कायदा आहे, ज्याखाली तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार संस्थेने द्यावी. मार खाल्लेल्या मुलीला एकटीने पोलीस ठाण्यात पाठवू नये. छळ सहकाऱ्याकडून किंवा वरिष्ठाकडून लैंगिक स्वरूपाचा असेल तर २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, आणि तिच्या सदस्यांची नावे तुमच्या कागदावर असावीत.

ड्युटी लिस्ट हेही प्रतिबंधाचे साधन आहे

समुपदेशनाने अपुऱ्या मनुष्यबळाचा प्रश्न सुटत नाही. भारतीय परिचर्या परिषदेचे निकष अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन खाटांमागे एक, इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक आणि अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीत एका खाटेमागे एक परिचारिका असे आहेत, आणि त्यावर रजेसाठी ३० टक्के राखीव बळ धरलेले आहे. तुमच्या वॉर्डात प्रत्यक्ष काय आहे याची नोंद रोज ठेवा आणि दर महिन्याला ती लेखी स्वरूपात अधिसेविकांकडे (मेट्रनकडे) पाठवा. तोंडी तक्रार विरून जाते, लेखी आकडे फायलीत राहतात आणि एखाद्या चुकीची चौकशी निघाली तर तुमच्या परिचारिकेच्या बाजूने तेच बोलतात.

तुमच्या हातात जे आहे ते मात्र आजच करता येईल. दुपारपाळीनंतर लगेच सकाळची पाळी लावू नका. रात्रपाळ्यांनंतरचा ऑफ कापू नका, आणि ऑफच्या दिवशी फोन करून बोलावणे हा अपवाद राहू द्या. लिस्ट निदान दोन आठवडे आधी लावा. कंत्राटी मुलींच्या वाट्याला सणांच्या सर्व ड्युट्या येतात, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. वाटणी उघड आणि समान ठेवा.

खासगी रुग्णालयांत बॉण्ड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) लिहून घेण्याची आणि मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याची प्रथा हाही एक फास होता आणि काही ठिकाणी तो अजूनही सैल झालेला नाही. २०११ मध्ये मुंबईतील एका खासगी रुग्णालयात केरळच्या एका तरुण परिचारिकेच्या मृत्यूनंतर तिच्या सहकाऱ्यांनी याच प्रथेविरुद्ध काम बंद केले होते. तुमच्या संस्थेत कोणाची मूळ कागदपत्रे ठेवून घेतली असतील तर ती परत मिळवून देण्यासाठी व्यवस्थापनाशी बोलणे हे मानसिक आरोग्याचेच काम आहे.

सहकारी गमावल्यानंतर

सारे प्रयत्न करूनही कधी मृत्यू टळत नाही. त्या दिवशी सर्व पाळ्यांना तुम्ही स्वतः, थोडक्यात आणि खरे सांगा. अफवांना जागा ठेवू नका. कसे घडले याचा तपशील, छायाचित्रे किंवा चिठ्ठी ग्रुपवर फिरू देऊ नका, पत्रकारांशी बोलण्याचे काम एकाच जबाबदार व्यक्तीकडे द्या. "ती सुटली" किंवा "ती भित्री होती" ही दोन्ही बोलणी थांबवा, कारण ऐकणाऱ्यांत त्याच काठावर उभे असलेले कोणीतरी असू शकते. अंत्यसंस्काराला जाण्यासाठी ड्युट्या बदलून द्या. तिच्या खोलीत राहणारी मैत्रीण, शेवटची ओव्हर घेणारी सिस्टर, आणि ज्यांनी तिला वाचवण्याचा प्रयत्न केला ते अपघात विभागातील सहकारी यांची वैयक्तिक चौकशी आठवडाभर रोज करा आणि त्यांना तिसऱ्या पायरीतील थेट प्रश्न विचारा. मासिक श्राद्ध आणि वर्षश्राद्ध यांच्या तारखा लक्षात ठेवा.

उपचारानंतर कामावर परतताना

परतणाऱ्या परिचारिकेला तिच्या पहिल्या दिवसाआधी भेटा आणि सहकाऱ्यांना काय सांगायचे हे तिच्याकडूनच ठरवून घ्या. "आजारी होती" एवढे पुष्कळ असते. सुरुवातीचे काही महिने रात्रपाळी टाळावी, कारण मोडलेली झोप नैराश्य आणि द्विध्रुवी विकार यांना पुन्हा डोके वर काढू देते. मात्र सगळी जबाबदारी काढून घेऊन तिला लिननच्या खोलीत बसवू नका. विश्वासाने दिलेले काम हा उपचाराचा भाग आहे. वैद्यकीय प्रमाणपत्रावरील निदान आस्थापना शाखेपलीकडे जाणार नाही, हे पाहा.

तुमच्या स्वतःसाठी

हे सारे करताना तुम्ही दुसऱ्यांची दुःखे ऐकत राहाल, आणि मनोबल टिकवण्याची जबाबदारी एकट्याने उचलण्याची सवय जडेल. दुसऱ्या वॉर्डातील एखादी इन्चार्ज किंवा निवृत्त मेट्रन निवडा आणि महिन्यातून एकदा तिच्याशी, नावे न घेता, बोला. तुम्ही समुपदेशक नाही. ओळखणे, विचारणे, सोबत राहणे आणि तज्ज्ञापर्यंत पोहोचवणे इतकेच तुमचे काम आहे, आणि एखाद्या प्रसंगी हे सारे करूनही अपयश आले तर तो तुमचा गुन्हा ठरत नाही. हा लेख वाचताना तुमच्याच मनात जीव संपवण्याचे विचार येत असतील, तर वॉर्डाचा विचार नंतर करा. आत्ता १४४१६ वर फोन लावा किंवा ज्यांच्यावर विश्वास आहे अशा एका माणसाला "मला एकटं राहायची भीती वाटतेय, माझ्याजवळ येऊन बसा" एवढे सांगा, आणि आजची ड्युटी दुसऱ्या कोणाला तरी करू द्या.